थालीपीठ भाजणी बाजारात आणताना: पाककृती आणि पुरवठा एकाच तक्त्यावर

रबाळे औद्योगिक वसाहतीत ज्या छोट्या खाद्यपदार्थ कारखान्यात मी काम करते, तेथे २०२३ सालापर्यंत मसाले आणि पापड एवढेच तयार होत असे. त्या वर्षी दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत संचालकांनी थालीपीठाची भाजणी पाकीटबंद करून विकण्याचा निर्णय जाहीर केला. पाककृती ठरवण्यापासून माल दुकानाच्या फळीवर लागेपर्यंत सगळ्या कामांचा मेळ घालण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. ठाणे आणि नवी मुंबईत घरगुती उद्योगातून कारखान्याकडे वळू पाहणारे अनेक जण मला परवाना कसा काढायचा, पाकिटे कोठून घ्यायची असे प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे शोधली की मिळतात. परंतु कोणता निर्णय कोणत्या निर्णयाच्या आधी घ्यायचा आणि कोणता शेवटपर्यंत मोकळा ठेवायचा, हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. माझ्या काळजीचे मूळ याच प्रश्नात होते, म्हणून जे घडले ते त्याच क्रमाने लिहीत आहे.

बैठकीत मांडलेला आराखडा सरळ होता: डिसेंबर-जानेवारीत पाककृती, फेब्रुवारीत पाकिटाचे चित्र, मार्चमध्ये कच्च्या मालाची खरेदी, एप्रिलमध्ये उत्पादन आणि मे महिन्यात विक्री. एकाचे काम संपले की फाइल दुसऱ्याच्या टेबलावर जाणार होती. मसाल्यांच्या बाबतीत ही पद्धत वर्षानुवर्षे चालली, कारण त्यांचा बहुतेक सगळा कच्चा माल वाशीच्या मसाला मार्केटमध्ये बारा महिने मिळतो. भाजणीचे तसे नाही. बाजरी खरिपाची, सप्टेंबर-ऑक्टोबरपासून बाजारात उतरणारी; मालदांडी ज्वारी रब्बीची, फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारी; डाळींचे भाव वेगळ्याच कारणांनी वरखाली होणारे. मार्चमध्ये खरेदीला बसलो असतो तर बाजरीचा हंगाम हातातून गेलेला असता आणि पाककृतीत मात्र तीच पहिल्या क्रमांकावर असती.

म्हणून खरेदी पाहणारे सहकारी, पॅकिंग विभागाच्या ताई, गोदाम सांभाळणारे काका आणि मी, अशा चौघांनी दर शनिवारी दुपारी एकत्र बसावे, अशी विनंती मी संचालकांना केली आणि त्यांनी ती मान्य केली. आम्ही एक साधा तक्ता केला. प्रत्येक घटकापुढे तो कधी निघतो, कोठून येतो, दुसरा पुरवठादार आहे का, मागणी दिल्यापासून किती दिवसांत मिळतो आणि तो बदलला तर पाकिटावरचा कोणता मजकूर बदलतो, अशी पाच उत्तरे लिहायची होती. शेवटचा रकाना पॅकिंगच्या ताईंनी सुचवला आणि पुढच्या सगळ्या महिन्यांत तोच सर्वाधिक उपयोगी पडला.

डिसेंबरमध्ये मी वाशीच्या दाणा मार्केटमध्ये जाऊ लागले. पहिल्या दिवशी भीती वाटली, हे सांगायला हरकत नाही. कट्ट्यांच्या थप्प्या, माथाडी कामगारांची लगबग, आणि आडत्यांचे आपसातले बोलणे इतके वेगवान की नवख्याला काही उमगत नाही. एका वयस्कर आडत्यांनी बाजरीचा नमुना तळहातावर घेतला, चोळून फुंकर मारली, एक दाणा दाढेखाली धरला आणि तो कट्‌ असा फुटला तेव्हा मान डोलावली. “ताई, असा आवाज आला की ओलावा कमी आहे असे समजा. नुसता दबला तर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका,” असे ते म्हणाले. आमच्याकडे ओलावा मोजायचे यंत्र होते आणि प्रत्येक लॉटची नोंद आम्ही यंत्रानेच करतो, पण बाजारात उभे राहून वीस नमुन्यांतून चार निवडायचे असतात तेव्हा त्यांची पद्धत आजही कामी येते. बाजारात जाणाऱ्यांसाठी एक सूचना: भाव विचारताना आडत, तोलाई, हमाली आणि वाराई (म्हणजे दलाली, वजन आणि मालाच्या चढउताराचे खर्च) धरून कारखान्याच्या दारात किलोला काय पडेल, ते त्याच वेळी लिहून घ्यावे. नुसत्या भावावर केलेला पाककृतीचा हिशेब नंतर जुळत नाही.

पाककृतीचे प्रयोग याच काळात चालू होते. बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त असतो आणि दाणा दळला की त्यातली विकरे (एन्झाइम) त्या स्निग्धांशावर काम करू लागतात, त्यामुळे कच्चे बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. धान्य नीट भाजले की ही विकरे निष्क्रिय होतात. आपल्याकडे भाजणीचे पीठ साध्या पिठापेक्षा जास्त टिकते, त्यामागे हे मोठे कारण आहे. म्हणजे भाजण्याचा प्रश्न चवीपुरता नव्हता. माल किती दिवस टिकणार, म्हणून तो किती लांबच्या दुकानापर्यंत पाठवता येणार, हे त्या एका पायरीवर ठरणार होते. आमचे भट्टीवाले मामा रंग पाहून भाजत. आम्ही त्यांच्याबरोबर बसून प्रत्येक धान्याचे तापमान आणि वेळ लिहून काढली, कारण दुसऱ्या पाळीत दुसरा माणूस उभा असला तरी तोच माल निघायला हवा होता. मामांनी हे मनापासून केले. ज्वारीच्या शंभर दाण्यांतले किती तडकले ते मोजण्याची कल्पना त्यांचीच.

जानेवारी २०२४ मध्ये पाककृती पक्की करायची वेळ आली, तेव्हा शनिवारच्या बैठकीत सर्वांत जास्त वाद झाला. लेबलसंबंधीच्या नियमांनुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. बाजरी आणि ज्वारी जवळजवळ सारख्या प्रमाणात ठेवल्या, आणि पुढे ज्वारी महागली म्हणून किंचित कमी-जास्त केली, तर क्रम उलटतो आणि छापलेली सगळी पाकिटे चुकीची ठरतात. त्यामुळे आम्ही शेजारच्या घटकांमध्ये मुद्दाम अंतर ठेवले: बाजरी ३४ टक्के, ज्वारी २६, हरभरा डाळ १६, तांदूळ ११, उडीद डाळ ७, धने ४ आणि जिरे २. बाजरी-ज्वारीत तीन टक्क्यांपर्यंत आणि हरभरा डाळ-तांदळात दोन टक्क्यांपर्यंत फरक केला तरी छापील क्रम बदलत नाही. प्रयोगात या टोकांच्या प्रमाणांची थालीपीठे शेजारी शेजारी ठेवून कारखान्यातल्या सगळ्यांना खायला दिली, आणि फरक फारसा कोणाला कळला नाही, तेव्हाच ही मुभा कागदावर नोंदवली. हवामान आणि बाजारभाव आपल्या हातात नसतात. पाककृतीला थोडी मोकळीक देणे मात्र आपल्या हातात असते आणि ती पाकीट छापण्याआधीच द्यावी लागते.

याच कारणासाठी पाकिटाच्या दर्शनी बाजूवर ‘बाजरी’ हा शब्द ठळक छापण्याची विक्री विभागाची सूचना आम्ही स्वीकारली नाही. एखादा घटक शब्दाने किंवा चित्राने ठळकपणे मिरवला की त्याचे टक्केवारीतले प्रमाणही लिहावे लागते, आणि मग ती मुभा संपते. घरगुती पद्धतीत असतो तो गहू आम्ही वगळला. त्यामुळे ॲलर्जीच्या सूचनेत घटक म्हणून गहू येत नाही. तरीही आमच्या पापडांत पडणाऱ्या बांधणीच्या हिंगात गव्हाचे पीठ असते आणि तो त्याच इमारतीत हाताळला जातो, म्हणून गव्हाचा अंश असू शकतो ही सूचना आम्ही प्रामाणिकपणे ठेवली.

टिकाऊपणाची चाचणी जानेवारीच्या शेवटी सुरू झाली. नमुने ३८ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रतेत ठेवून दर पंधरवड्याला ओलावा, वास, चव आणि स्निग्धांशाचा खवटपणा तपासायचा, आणि त्याच लॉटचे नमुने साध्या खोलीतही ठेवायचे, अशी पद्धत प्रयोगशाळेने सुचवली. चाचणी त्याच थरांच्या प्लॅस्टिक फिल्मच्या पाकिटात करावी लागते, ज्यात माल विकायचा आहे. त्यामुळे पाकिटाचा प्रश्न फेब्रुवारीपर्यंत थांबवणे शक्यच नव्हते. वापीकडच्या एका पुरवठादाराकडून न छापलेल्या फिल्मचे नमुने आम्ही आधीच मागवून घेतले होते. जो कोणी हे करणार असेल त्याने चाचणीच्या तारखेपासून मागे मोजत यावे, विक्रीच्या तारखेपासून नव्हे.

आता पाकिटाविषयी सविस्तर लिहिते, कारण आमच्या अनुभवात पैसे आणि वेळ दोन्ही येथेच अडकतात. ग्रॅव्ह्युअर छपाईत, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून फिल्मवर होणाऱ्या छपाईत, प्रत्येक रंगासाठी एक सिलिंडर कोरावा लागतो. आमच्या सहा रंगांना मिळून सुमारे ४५ हजार रुपये लागले. त्याशिवाय फिल्मची किमान मागणी ३०० किलोंची होती, म्हणजे आणखी ७८ हजार. अर्धा किलोच्या एका पाकिटाला सुमारे १० ग्रॅम फिल्म लागते. त्या हिशेबाने ३०० किलोंत ३० हजार पाकिटे होतात, आणि महिन्याला अडीच टन विक्री धरली तर ती सहा महिने पुरतात. हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा खोलीतले सगळे थोडे गंभीर झाले. त्याचा अर्थ असा होता की पाकिटावर जे छापू ते पुढचे सहा महिने खरे राहिले पाहिजे.

त्यावर आम्ही पाकिटावरच्या मजकुराचे दोन भाग केले. जे बदलणार नाही ते सिलिंडरवर गेले: नाव, घटक, पोषणमूल्ये, हिरवे शाकाहारी चिन्ह, पत्ता, परवाना क्रमांक, ग्राहक सेवेचा तपशील, बारकोड. जे बदलू शकते त्यासाठी मागच्या बाजूला एक पांढरी चौकट मोकळी सोडली आणि तेथे पॅकिंगच्या वेळी इंकजेटने लॉट क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापरण्याची अंतिम तारीख, कमाल किंमत आणि प्रतिग्रॅम किंमत उमटवायचे ठरवले. चित्रकाराला ही चौकट आवडली नाही. रचना बिघडते असे त्याचे म्हणणे होते आणि ते दिसण्याच्या दृष्टीने बरोबरही होते. पण चाचणीचा अंतिम निकाल हाती नसताना ‘सहा महिने’ असे शब्द सिलिंडरवर कोरणे मला मान्य नव्हते. पुढे पहिल्या लॉटसाठी आम्ही चारच महिन्यांची मुदत दिली, तेव्हा त्या मोकळ्या चौकटीमुळे एकही पाकीट वाया गेले नाही.

फेब्रुवारीत गोदामाच्या काकांबरोबर मी भिवंडीला, मानकोलीजवळच्या भाड्याच्या गोदामात गेले. आमच्या कारखान्यात तयार मालाला जागा अपुरी आहे, म्हणून साठा तेथे ठेवायचा होता. भाडे पॅलेटमागे (खोके रचायच्या चौकटीमागे) दरमहा होते. काकांनी टेप काढली आणि १२०० बाय १००० मिलिमीटरच्या पॅलेटवर आमचे ठरवलेले खोके मांडून पाहिले. ३८० बाय ३२० चे खोके एका थरात नऊच बसत होते आणि कडेला जागा उरत होती. ४०० बाय ३०० चे केले तर एका थरात बरोबर दहा बसतात, पाच थरांत पंचेचाळीसऐवजी पन्नास. फरक लहान वाटतो, परंतु भाड्यात आणि टेम्पोच्या प्रत्येक फेरीत तो मोजावा लागतो. खोके बदलायचे तर त्यात वीस पाकिटे नीट बसण्यासाठी पाकिटाची रुंदी एका सेंटीमीटरने कमी करावी लागत होती. सिलिंडर अजून कोरायला दिले नव्हते, म्हणून ते एका फोनवर झाले. महिनाभर उशिरा गेलो असतो तर त्या एका सेंटीमीटरची किंमत पुन्हा ४५ हजार झाली असती. छपाईला देण्याआधी गोदाम पाहून यावे, हे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

परवान्याचे काम मार्चमध्ये केले. आमच्याकडे अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचा चौदा अंकी क्रमांकाचा राज्य परवाना होता, पण त्यात भाजणीचा उत्पादन गट नव्हता. तो प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर परवान्यात बदल करून जोडावा लागतो. अर्ज ११ मार्चला भरला. महिनाअखेरीस शंका आली: प्रक्रियेचा क्रमवार आराखडा, भट्टी आणि दळणयंत्राची क्षमता, आणि पाण्याचा, पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या मानकाप्रमाणे, तपासणी अहवाल हवा होता. पाण्याचा अहवाल जुना असल्याने नवा नमुना द्यावा लागला आणि त्यात आठवडा गेला. मंजुरी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आली. त्या काळात रोज सकाळी पहिले काम म्हणून संकेतस्थळ उघडून पाहण्याची सवय लागली होती. स्थिती तीच दिसली की पोटात खड्डा पडत असे. अर्ज भरायला सल्लागार घेतला तरी हरकत नाही, मात्र उत्पादन कोणत्या गटात बसते हा निर्णय स्वतः नियम वाचून घ्यावा, कारण तपासणीच्या वेळी उत्तर आपल्यालाच द्यायचे असते. पोषणमूल्ये आणि सूक्ष्मजीव तपासणीला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत सुमारे अकरा हजार रुपये लागले. पाककृतीच्या दोन्ही टोकांच्या प्रमाणांची मूल्ये त्यांच्याकडून काढून घेतली आणि छापील आकडे दोन्हींना लागू पडतात याची खात्री करून घेतली. पाकीटबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांखालील नोंदणी मसाल्यांसाठी आधीच होती. प्लॅस्टिकच्या विस्तारित उत्पादक जबाबदारीबाबत (वापरलेल्या पाकिटांच्या कचऱ्याची उत्पादकावरची जबाबदारी) फिल्म पुरवठादाराचे नोंदणी प्रमाणपत्र मागून फाइलला लावले.

दरम्यान नवी मालदांडी ज्वारी आली होती. साठा कोठे करायचा, हा प्रश्न येथे स्पष्टपणे सोडवावा लागला. धान्य नीट वाळलेले असेल तर हवाबंद पिशव्यांत महिनोन्‌महिने राहते. भाजून दळलेल्या पिठाचे आयुष्य दळल्या दिवसापासून मोजले जाते. म्हणून साठा धान्याच्या रूपात करायचा आणि पीठ मागणी पाहून करायचे, असे ठरले: धान्य हंगामापुरते, छापील फिल्म सहा महिन्यांची, तयार पाकिटे मात्र जेमतेम दोन आठवड्यांची. विक्री विभागाला दोन आठवड्यांचा साठा धोक्याचा वाटत होता. त्यांच्या शंकेत तथ्य होते, पण मोठ्या दुकानांना माल हाती येताना मुदतीचा बराचसा भाग शिल्लक हवा असतो, आणि जुना साठा घेऊन त्यांच्या दारात जाण्यापेक्षा कधीतरी दोन दिवस माल नाही म्हणणे आम्हाला परवडणारे होते.

एप्रिलमधले उत्पादन लांबून त्याची चाचणी मे महिन्यात घ्यायची होती. तेव्हा आमचे निम्मे कामगार कोकणात आणि साताऱ्याकडे गावाला जातात, हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसले तरी सर्वांना ठाऊक असते. आम्ही ते तक्त्यात लिहिले आणि चाचणी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात घेतली. भट्टी, दळण आणि पॅकिंग सुरळीत झाले, पण गार होण्याच्या पायरीवर काम अडले. गरम पीठ पाकिटात भरले तर आत वाफ धरते आणि गुठळ्या होतात. उघड्यावर गार केले तर पावसाळ्यात तेच पीठ हवेतला ओलावा ओढून घेते. रबाळ्यात जूनमध्ये भिंतींनाही ओल येते. त्यासाठी पॅकिंगची खोली बंदिस्त करून आर्द्रता कमी करणारे यंत्र बसवले. खोली लहान असल्याने एका दिवशी तेथे जेवढे पीठ गार होईल तेवढेच भाजायचे, असे बंधन आपोआप आले. भट्टीची क्षमता त्याहून बरीच जास्त होती, पण रोजच्या उत्पादनाचा खरा आकडा त्या खोलीने ठरवला आणि दुकानांना आम्ही तोच आकडा सांगितला.

विक्रीची तारीख मेवरून जूनच्या मध्यावर गेली. पहिला लॉट ठाण्यात नौपाडा आणि गोखले रस्त्यावरची दुकाने, वाशी, नेरूळ आणि डोंबिवली एवढ्यांनाच दिला. दुकानदारांना भेटायला मी स्वतः गेले. वाशीच्या एका दुकानदारकाकूंनी पाकीट दाबून पाहिले आणि “आत पीठ मोकळे आहे, म्हणजे ताजे,” असे गिऱ्हाइकाला माझ्यासमोर सांगितले. त्या वेळी बंदिस्त खोलीचा खर्च आठवून मला फार बरे वाटले.

उपवासाची भाजणी हा वेगळा विषय होता. ती आणायची की नाही, याचा निर्णय आम्ही जानेवारीतच घेतला होता, पण तिच्यासाठी वेगळी साखळी आखली. साधी भाजणी बारा महिने साधारण एकसारखी खपते. तिच्यासाठी मोठी छपाई, हंगामी खरेदी आणि किलोमागे कमीत कमी खर्च हे योग्य. उपवासाच्या भाजणीची मागणी आषाढी, श्रावण आणि नवरात्रात उसळते आणि मधल्या काळात जवळजवळ थांबते. तिच्यासाठी ३० हजार छापील पाकिटे घेणे म्हणजे पैसे फडताळात ठेवण्यासारखे होते. येथे मला ह्युलेट-पॅकार्डचे उदाहरण उपयोगी पडले. डेस्कजेट प्रिंटर युरोपात पाठवताना प्रत्येक देशाला लागणारा वीजपुरवठ्याचा भाग आणि माहितीपुस्तिका अमेरिकेतल्या कारखान्यात न घालता, युरोपातल्या वितरण केंद्रात, मागणी कळल्यावर घालायची पद्धत त्यांनी आणली होती. आम्ही तेच तत्त्व लहान प्रमाणात वापरले: त्याच मापाची कोरी पाकिटे घेतली आणि संपूर्ण माहितीचे चिकटलेबल पॅकिंगच्या दिवशी लावले. एका पाकिटामागे खर्च जास्त पडला, पण लागली तेवढीच लेबले छापली.

या भाजणीत राजगिरा, वरई, साबुदाणा आणि जिरे एवढेच होते. वरईबाबत आम्ही फार जपून वागलो. भगरीच्या पिठात ओलावा राहिला तर बुरशी धरते, आणि उपवासाच्या दिवसांत भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. त्यामुळे वरई तयार पीठ म्हणून न घेता दाण्याच्या रूपात घेतली, प्रत्येक लॉटचा ओलावा मोजला आणि दळल्यावर त्याच दिवशी पाकीटबंद केली. साबुदाणा सेलमहून येतो आणि पावसाळ्यात वाहतूक लांबते, हे धरून तो जूनच्या पहिल्या आठवड्यातच मागवला. १७ जुलैच्या आषाढी एकादशीच्या दहा दिवस आधी माल दुकानांत होता. श्रावण ५ ऑगस्टला लागला, त्याआधी दुसरा लॉट गेला, नवरात्रासाठी तिसरा. या तिन्ही लॉटांत मागणीचा अंदाज मी विक्रीच्या आकड्यांवरून न बांधता दुकानदारांना फोन करून बांधला, कारण मागच्या वर्षीचे आमचे आकडेच नव्हते. सुट्या उपवास भाजणीचा खप त्यांना तोंडपाठ असतो आणि विचारले तर ते मोकळेपणाने सांगतात.

सप्टेंबरमध्ये साध्या खोलीत ठेवलेल्या नमुन्यांचे निकाल पूर्ण झाले आणि ते चांगले आले, म्हणून पुढच्या लॉटांपासून मुदत सहा महिने केली. इंकजेटच्या यंत्रात तारीख बदलण्यापलीकडे काही करावे लागले नाही. त्याच महिन्यात एका मोठ्या दुकानसाखळीची नोंदणी झाली. त्यांच्या अर्जात बारकोड, खोक्याची मापे, पॅलेटवरची संख्या आणि मुदत हे सगळे मागितले होते, आणि शनिवारच्या तक्त्यातून ते जसेच्या तसे उतरवता आले.

आता २०२४ चा ऑक्टोबर संपत आला आहे. नवी बाजरी दाणा मार्केटमध्ये उतरली असून पहिले दोन लॉट घेऊन झाले आहेत. छापील फिल्मपैकी सुमारे १२ हजार पाकिटे शिल्लक आहेत. फिल्म हाती यायला पाच आठवडे लागतात, तेवढ्यात सहा हजारांच्या आसपास पाकिटे खपतात, म्हणून ८ हजारांवर साठा आला की नवी मागणी द्यायची, असे खरेदी विभागाशी ठरले आहे. त्याआधी पाकिटावरच्या मजकुरात काही बदल हवा असेल तर तो पुढच्या शनिवारपर्यंत सांगावा, अशी सूचना सर्वांना लेखी दिली आहे. परवान्याच्या अटींप्रमाणे दर सहा महिन्यांनी करायची तपासणीही याच सुमारास येते, त्यामुळे नव्या बाजरीच्या पहिल्या लॉटचाच नमुना प्रयोगशाळेत पाठवला आहे आणि अहवाल नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अपेक्षित आहे.